ईयोबानं सैतानाला दोष दिला नाही

काका, सलाम.

सैतानावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि रागानं लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: लुसिफर नावाचा तेजस्वी देवदूत गर्वामुळे स्वर्गातून पडून सैतान झाला, हे शास्त्रात, म्हणजे बायबलात, स्पष्ट आहे. ते कुठून आलं असं विचारणं म्हणजे तरुणांचा विश्वास पोखरणं. संशय हाच सैतानाचा आवाज, म्हणून मी लेख काढून टाकावा.

तेजस्वी पहाटतारा आकाशातून पडला, या यशया १४:१२ च्या वचनाचा तुम्ही आधार दिलात. तोच अध्याय चौथ्या वचनापासून वाचा. हे कवन बाबेलच्या राजावर आहे. छळणारा राजा मेला, त्याच्याखाली किड्यांचं अंथरूण आहे आणि लोक विचारतात, पृथ्वीचा थरकाप उडवणारा माणूस तो हाच का? सैतानाचा उल्लेख अख्ख्या अध्यायात नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेननं हे कवन, यहेज्केलातलं सोर (टायर) नगराच्या राजावरचं विलापगीत आणि लूक १०:१८ ही वचनं एकत्र घेऊन सैतानाच्या पतनाचा अर्थ लावला. ओरिजेन थोर विद्वान होता. पण तो अर्थ त्यानं लावलेला आहे, यशयानं सांगितलेला नाही.

देवदूतांच्या पतनाची सविस्तर कथा हनोखाच्या ग्रंथात, एका प्राचीन यहुदी ग्रंथात, आहे, आणि तिथे ते पडतात ते मानवी स्त्रियांच्या मोहानं. हा ग्रंथ आपल्या शास्त्रात नाही, इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीच्या (चर्चच्या) शास्त्रात आहे. आदामापुढे नमायला नकार देणारा सैतान आदाम-हव्वेच्या चरित्राच्या जुन्या कथेतला. नरकात सिंहासनावर बसलेला बंडखोर राजा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो बव्हंशी इंग्रज कवी मिल्टनच्या १६६७ सालच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यामुळे. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात तर त्याला अग्निसरोवरात टाकलं जातं. राज्य करायला नव्हे, शिक्षा भोगायला. आणि एदेन बागेतला सर्प? उत्पत्तीत त्याला कुठेही सैतान म्हटलेलं नाही. 'जुनाट साप' म्हणजेच सैतान, ही जोडणी प्रकटीकरणात होते.

शास्त्राच्या आतही ही समज बदलत गेलेली दिसते. दाविदानं लोकांची शिरगणती केली, ती २ शमुवेल २४ मध्ये परमेश्वराच्या कोपानं प्रवृत्त केल्यामुळे. तीच घटना १ इतिहास २१ मध्ये येते तेव्हा प्रवृत्त करणारा सैतान असतो. १ आणि २ इतिहास ही बायबलातली पुस्तकं यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतरची, शमुवेलाच्या पुस्तकांनंतरची. मधल्या काळात लोक एका अवघड प्रश्नाशी झगडत होते: चांगला देव असं का करवून घेईल? या झगड्याबद्दल मला आदर वाटतो. सैतानाची कल्पना तिथून मोठी होत गेली, असं मला वाटतं.

काका, नव्या करारातला सैतान मी पुसून टाकत नाही. रानात प्रभूची परीक्षा झाली हे मी मानते. जगात दुष्टाई आहे हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. माझा आक्षेप एवढाच, की नंतर रचलेलं चरित्र आपण मूळ शास्त्र म्हणून शिकवतो आणि कुणी मूळ वचन दाखवलं की त्यालाच सैतानाचा माणूस ठरवतो.

मी ज्या मंडळीत वाढले तिथे एका मुलीनं संडे स्कूलमध्ये विचारलं, चांगल्या लोकांना देव दुःख का देतो? तिला सर्वांसमोर सांगितलं, हे तू बोलत नाहीस, तुझ्यातून तो बोलतोय. मूल भेदरलं. नंतर तिनं प्रश्न विचारणं सोडलं आणि पुढे मंडळीत येणंही सोडलं. विश्वास पोखरला गेला तो या उत्तरानं.

निर्दोष असून सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक आठवा. सैतान पहिल्या दोन अध्यायांत आहे, तोही परमेश्वराच्या दरबारात हजर असणारा, परवानगी घेऊन काम करणारा. त्यानंतर तो येतच नाही. ईयोब त्याला एकदाही दोष देत नाही. तो थेट देवाशी भांडतो, जाब मागतो. त्याचे मित्र मात्र मुखोद्गत सिद्धांत सांगत राहतात. शेवटी परमेश्वर त्या मित्रांपैकी अलीफजावर संतापतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत (४२:७). संशय सैतानाचाच आवाज असता, तर या वचनाचं काय करायचं?

धाकानं विश्वास येत नाही. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला. त्यांना ओढलं डोंगरावरच्या प्रवचनानं, नरकाच्या धाकानं नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या याच माणसानं १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत उभी करायला घेतली. आपल्या आराधनेत आजही त्यांची भजनं आपण गातोच ना?

लेख मी काढणार नाही. तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम आधार लूक १०:१८ आहे: 'सैतान आकाशातून विजेसारखा पडलेला मी पाहिला.' प्रभू हे बाहत्तर शिष्य आनंदानं परतल्यावर बोलतात. मग हे जगाच्या आरंभीचं पतन की शिष्यांच्या सेवेनं त्या क्षणी घडलेलं? तुमचं मत लिहा. इथेच, जसंच्या तसं छापीन.