शिक्का राहू द्या, फोटो काढा

दुचाकीवरून देशच्या देश पालथे घालायचं ठरवलंत, फार छान. गाडी धुऊनपुसून तयार आहे, हेल्मेटवर कॅमेरा बसलाय, ज्या देशांत अजून पाऊल पडलेलं नाही त्यांचे झेंडे बॉक्सवर चिकटवून झालेत. आता सीमा ओलांडणं आणि गाडी बंद पडली तर काय करायचं, एवढ्या दोन किरकोळ बाबी उरल्या. त्यांचा विचार तुम्ही करू नये. तो सोबतच्या माणसाने करायचा असतो. नुकताच मी असा सोबतचा माणूस होतो, तेव्हा सल्ला ताजा आहे. घ्या.

कागद काढावेत, वाचू नयेत. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना हातात पडला की फोटो टाकून मोकळं व्हावं. त्यावर १९४९ छापलंय की १९६८, हे बघत बसणं इतिहासाच्या प्राध्यापकांचं काम. जिनिव्हाच्या १९४९च्या करारानुसारचा परवाना वर्षभर चालतो, व्हिएन्नाच्या १९६८च्या करारानुसारचा जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि जपान फक्त पहिलाच मानतो. पण तुमच्या चॅनेलला किती लोक जोडलेले आहेत ते सांगितलंत की जपानी पोलीस विरघळेलच. मोटरसायकलच्या चौकटीत शिक्का आहे की फक्त मोटारीच्या, हेही तिथे गेल्यावर कळेल.

ग्रीन कार्डावर, म्हणजे परदेशात गाडीचा विमा असल्याच्या दाखल्यावर, देशांच्या आद्याक्षरांवर फुल्या मारलेल्या असतात. ती नक्षी समजा. ज्या देशावर फुली त्या देशात विमा लागू नाही, असं फक्त विमावाले म्हणतात.

सीमेवर जो पहिला माणूस ‘पासपोर्ट, पासपोर्ट’ करत धावत येईल त्याच्या हातात सगळे कागद ठेवा. गणवेश नाही? साध्या वेशातला असेल.

ड्रोन बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून न्या, मोरोक्कोला आणि इजिप्तला तर आवर्जून. तिथल्या कस्टमवाल्यांनी अशी गुंडाळी आजवर कधी पाहिलेलीच नाही.

आता मुख्य मुद्दा. कार्ने. इराण, पाकिस्तान, भारत, इजिप्त अशा देशांत परदेशी नंबराची गाडी काही काळापुरती न्यायची तर हे पुस्तक लागतं. गाडी आम्ही तिथे विकणार नाही, मुदतीत बाहेर काढू, नाही काढली तर आयात शुल्क भरू, अशी हमी त्यामागे असते. ती हमी तुमचा ऑटोमोबाइल क्लब घेतो आणि त्यासाठी तुमच्याकडून अनामत किंवा बँक गॅरंटी ठेवून घेतो. पुस्तकाची मुदत एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन भाग. खालचा भाग आत शिरताना कस्टमवाले फाडून घेतात, मधला बाहेर पडताना, आणि वरचा पुस्तकातच राहतो. त्या वरच्या भागावर दोन शिक्के हवेत, एक गाडी आल्याचा आणि एक गेल्याचा. एवढंच आहे. बारा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत समजेल.

म्हणून तुम्ही ते समजून घेऊ नका. इमिग्रेशनच्या खिडकीवर तुमच्या पासपोर्टावर शिक्का पडला की गाडीचंही झालं असं धरून चाला. इमिग्रेशन माणसाचं आणि कस्टम गाडीचं, अशी वाटणी कुणी रिकामटेकड्याने केलेली दिसते. कस्टमच्या खोलीबाहेर रांग असेल तर तिच्याकडे बघूही नका. फाटकावरच्या शिपायाने हात हलवला? ती सरकारी मंजुरी. गाडी बाहेर काढा, मधल्या मोकळ्या पट्ट्यात थांबा, हात पसरून व्हिडिओ काढा.

आमच्यातल्या एका सद्गृहस्थांनी हे करून दाखवलं. पलीकडच्या कस्टमच्या बाई शांतपणे पान उलटत होत्या. मागच्या देशाच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. मधला भाग जागच्या जागी, वर एकच शिक्का. त्यांनी पुस्तक मिटलं आणि आम्ही आलो होतो त्या दिशेला हात दाखवला. परत जायचं, पण कुठे? व्हिसा एकदाच प्रवेशाचा होता आणि तो वापरून झालेला. माणूस देशाबाहेर, गाडी कागदोपत्री देशाच्या आत, आणि प्रत्यक्षात दोघंही दोन काटेरी कुंपणांच्या मध्ये, कुणाच्याच हद्दीत नाहीत. सद्गृहस्थांनी यावर काय केलं? ‘यार, तुला यांच्याशी बोलता येतं ना’ असं म्हणून ते माझ्या मागे उभे राहिले.

मग मी बोललो. फाटकावरच्या शिपायाशी, त्याच्या वरच्याशी, त्याच्या वरच्याने ज्याच्याकडे पाठवलं त्याच्याशी. शेवटी ठरलं की पुस्तक आत जाईल, माणूस जाणार नाही. शिक्का ज्याच्या कपाटात तो अधिकारी जेवायला गेलेला. तो आला तेव्हा म्हणाला, गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाहेर गेल्याचा शिक्का कसा मारू? रास्त बोलला. मी त्याला फाटकापर्यंत आणलं. तो वाकला आणि चासी नंबर ताडून पाहू लागला. सतरा अक्षरांपैकी दिसत होती चार, बाकीची चिखलाखाली. कारण चिखलातली गाडी फोटोत चांगली दिसते, म्हणून धुवायची नाही असं सद्गृहस्थांचं धोरण. नंबर घासायला टूथब्रश लागला. तो माझा होता.

आणि हे सगळं चाललेलं असताना ते काय करत होते? सीमेवरचा अन्याय या विषयावर कॅमेऱ्यात बोलत होते! नोकरशाही, ब्रिटिशांचा वारसा वगैरे. तो देश ब्रिटिशांच्या ताब्यात कधी नव्हताच. अरे, त्या अधिकाऱ्याने नियमाबाहेर जाऊन तुझं काम केलं. रांगेत अर्धा तास उभा राहिला असतास तर त्याला फाटकापर्यंत चालत यावं लागलं नसतं, मला हात जोडावे लागले नसते, आणि बाकीचे सगळे उन्हात बसले नसते. त्यांच्या कागदांवर सगळे शिक्के होते, त्यांनी काय पाप केलं होतं?

असो. सल्ला चालू होता.

लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कार्ने लागत नाही, सीमेवरच गाडीचा तात्पुरता आयात परवाना करून देतात. त्यावरचा नंबर आणि इंजिन क्रमांक तिथल्या तिथे वाचून पाहू नका. कारकून दमलेला असतो, शून्याचा ओ होतो, आठाचा बी होतो. ती चूक त्या देशाच्या दुसऱ्या टोकाच्या सीमेवर सापडण्यात मजा आहे. गाडीची मुदत आणि तुमच्या व्हिसाची मुदत वेगवेगळी असू शकते, तीही पाहू नका. गाडी जप्त झाली तर विमानाने घरी येता येतं.

रस्ता नकाशात दिसतोय म्हणजे तो आहेच. पनामातून कोलंबियात सरळ रेघ जाते, मग मधल्या डॅरियन गॅपमध्ये सुमारे शंभर किलोमीटर रस्ताच नाही हे कशाला आधी शोधायचं? यावीझाला रस्ता संपेल तेव्हा कळेल. मोरोक्को आणि अल्जीरिया यांच्यातली जमिनीवरची सीमा १९९४पासून बंद आहे, पण तुमच्यासाठी उघडतील. चीनमध्ये स्वतःची गाडी न्यायची तर गाइड, तात्पुरती नंबरप्लेट आणि तात्पुरता परवाना आधी ठरवावा लागतो. दारात जाऊन विचारा, काय हरकत आहे. कॅस्पियन समुद्र ओलांडणाऱ्या मालवाहू बोटी वेळापत्रकावर चालत नाहीत, तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावरून परतीच्या विमानाचं तिकीट दोन दिवसांनंतरचं काढून ठेवा.

सीमेवर सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पोचा.

आता बिघाड. हत्यारं नेऊ नका, जड होतात. ट्रायपॉड न्या.

गाडी सुरू होत नसेल तर किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, सगळ्यात शेवटी पाहा. आधी टाकी काढा.

बॅटरी पुन्हापुन्हा उतरत असेल तर नवी बॅटरी घ्या. तीही उतरली की आणखी एक. मुठीत मावेल एवढा मल्टीमीटर जवळ असता तर गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा, एवढं दोन मिनिटांत पाहता आलं असतं. आकडा वर चढतच नसेल तर चार्जिंगमध्ये घोटाळा, पंधराच्या पुढे गेला तर रेग्युलेटर गेला. पण त्यात निर्जन ठिकाणी हताश बसल्याचा फोटो मिळत नाही.

पंक्चरसाठी ट्यूब नेऊ नका, किंवा न्यायचीच तर कुठल्याच चाकाला बसणार नाही अशी. एकवीस इंची पुढच्या चाकाची ट्यूब अडीअडचणीला अठरा इंची मागच्या चाकात कोंबून पुढचं गाव गाठता येतं, म्हणजे एकाच ट्यूबमध्ये दोन्ही चाकांचं भागतं. असल्या युक्त्या ज्यांना स्वतः चाक उघडायचंय त्यांच्यासाठी. क्लचची जादा वायर जुन्या वायरीला लागूनच बांधून ठेवावी, तुटली की टोकं बदलायची आणि निघायचं. ही युक्तीही तशीच, तुमच्या कामाची नाही.

चेन मात्र घट्ट करा. सीमेवरचा तो सगळा खेळ आटोपून आम्ही निघालो तेव्हा अंधार पडला होता. रात्री गाडी चालवायची नाही असं सगळ्यांचं ठरलेलं, आणि आम्ही रात्री गाडी चालवत होतो, खड्डे कुठे आहेत ते माहीत नसलेल्या रस्त्यावर. सद्गृहस्थांनी सकाळीच चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून ठेवली होती. सैल चेन त्यांना अस्वच्छ वाटते. रिकामी गाडी मधल्या स्टँडवर, मागे सामान नाही, वर माणूस नाही, आणि चेन ताठ. मग सामान लादलं, स्वार बसला, सस्पेन्शन दबलं आणि चेन आणखी ताणली गेली. प्रत्येक खड्ड्यात आणखी. अशाने गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग जातं, सील गळतं, किंवा चेन तुटते. त्यांची तुटली. इंजिनचं कव्हर फुटलं नाही हे त्यांचं नशीब.

‘लिंक आहे ना तुझ्याकडे?’

होती, चेन जोडायची सुटी कडी. पण माझी चेन ५२० मापाची, यांची ५२५. पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, दोन्हींचा ५/८ इंच, पण आतली रुंदी वेगळी, एकीची पाव इंच आणि दुसरीची ५/१६. माझी लिंक यांच्या चेनमध्ये बसणार नाही, असं मी सांगितलं. तर म्हणाले, ‘पाचच आकड्यांचा तर फरक आहे, ठोकून बघ ना.’

ठोकून बघ! स्वतःच्या गाडीची चेन कोणत्या मापाची ते माहीत नाही. ते चेनच्या पट्टीवर कोरलेलं असतं, टॉर्च मारला की दिसतं. लिंक खिशात मावते. चेनची पिन काढायचा चेन ब्रेकर तळहाताएवढा. मागच्या चाकाचा नट कोणत्या पान्याने निघतो ते माहीत नाही, आणि तो पाना कंपनीच्या किटमध्ये आहे की नाही हेही निघण्यापूर्वी पाहिलेलं नाही. ते किट सीटखाली सीलबंद पिशवीत तसंच्या तसं. पिशवी मी फाडली.

ओढून नेण्याचा पट्टाही माझाच. दोन्ही टोकं गाठ मारून पक्की बांधू नयेत. मागच्या गाडीकडचं टोक फूटपेगला, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीला, एक वेढा देऊन पायाखाली धरायचं असतं, म्हणजे तोल गेला तर पाय उचलला की सुटतं. हे मी त्यांना अंधारात तीनदा समजावलं. त्यांनी गाठ मारली. मी सोडली. पुन्हा मारली. ‘सुटलं तर?’ म्हणे. सुटावं म्हणूनच तर तसं धरायचं, बाबा!

पुढे सावकाश जात होतो तेव्हा आरशात पाहिलं. त्यांच्या हेल्मेटवरचा लाल दिवा चालू होता. रेकॉर्डिंग.

आता सरळ बोलतो, उपरोध पुरे झाला. तू वाईट माणूस नाहीस. गाणी छान म्हणतोस, थकल्यावर कुरकुरत नाहीस, वाटेत भेटलेल्या मुलांशी तासभर खेळलास. पण तुझ्या साहसाचा सगळा भार दुसऱ्यांच्या बॅगेत असतो. हत्यारं त्यांची, वेळ त्यांचा, सीमेवर मिळवलेली त्यांची पत तुझ्या कामात खर्च होते, आणि गोष्ट मात्र तुझी. व्हिडिओत मी कुठे आहे? एका फ्रेममध्ये माझी पाठ दिसते, तेही मी तुझ्या चाकापाशी बसलोय म्हणून. खाली लिहिलंस, ‘संकटांवर मात’. कोणी केली रे मात?

पुढच्या वेळी यायचं असेल तर आधी महिनाभर शनिवार-रविवार मेकॅनिककडे बस. मागचं चाक स्वतः काढ, टायर स्वतः उतरव, ट्यूब बदल, परत चढव, आणि चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा ठेव. सीमेवर रांग दिसली तर रांगेत उभा राहा. शिक्का पडला की पुस्तक हातात घे, तारीख वाच, नंबर वाच, मग खिडकी सोड. मागच्याने कितीही घाई केली तरी सोडू नकोस. आणि आता घरी पोचलायस तर कार्ने कपाटात टाकून बसू नकोस. क्लबात नेऊन दे, त्याशिवाय अनामत सुटत नाही. तुझ्या पुस्तकात आणखी एका पानावर दुसरा शिक्का नाही, हे मला माहीत आहे, मी पाहिलंय. शेवटी गाडी परत आल्याचा दाखला असतो, तो कस्टमकडून किंवा पोलिसांकडून गाडी दाखवून भरून घ्यायचा. कुठल्या कचेरीत, कुठल्या खिडकीवर, ते मला फोन करून विचारू नकोस. मी उचलणार नाही.