खड्डे खणायच्या आधी तिथे काय उगवलंय ते बघा

झाडं लावा झाडं लावा हे सगळेच सांगतात, पण त्या जागेवर आत्ता काय उगवलंय ते आधी बघा असं फारसं कुणी सांगत नाही आणि मला याचा खरंच त्रास होतो. गवत, काटेरी झुडपं दिसली की पडीक म्हणून मोकळे! अहो तिथे निसर्गाचं काम चालू आहे.

इंग्लंडमधे रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात एक शेत आहे, ब्रॉडबाल्क. १८८२ साली त्यातला गव्हाचा छोटासा तुकडा न कापता तसाच सोडला. चारेक वर्षांत गव्हाची मोजकी खुरटी रोपं उरली, बाकी सगळं तणाने व्यापलं. पुढे एका भागाला कुणी हातच लावला नाही, तिथे आज जंगल उभं आहे. शेजारच्या भागात मात्र उगवलेली झुडपं दरवर्षी काढत राहिले, तर तिथे अजूनही गवत आणि बारीक झाडोराच आहे. पाऊस तोच, सुरुवातीची माती तीच!! मला हे फार मोठं वाटतं.

अमेरिकेत १९८० ला सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला त्यानंतर तिथल्या राखेच्या माळावर नायट्रोजन जवळपास नव्हताच. तिथे सगळ्यात आधी आलं ल्युपिन, शेंगवर्गीय, मुळांच्या गाठींत जिवाणू, ते हवेतला नायट्रोजन पकडतात, मग झाड मेलं की त्याचं खत होतं आणि दुसऱ्यांची बी तिथे रुजते. पण ल्युपिन खाणाऱ्या अळ्याही मागोमाग आल्या आणि त्याचा पसारा मंदावला. आइसलँडजवळ १९६३ मधे समुद्रातून वर आलेल्या सर्टसी बेटावर तर सीगल पक्ष्यांनी वसाहत केली आणि त्यांच्या विष्ठेवर झाडोरा भराभर वाढला.

हे सगळं कसं घडतं यावर दोन अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञांचं पटत नव्हतं. क्लेमेंट्सने १९१६ मधे मांडलं होतं की वनस्पतींचा समूह एका सजीवासारखा वाढतो आणि ठरलेल्या शेवटाला पोचतो. ग्लीसन १९२६ मधे म्हणाला तसं काही नाही, प्रत्येक जात आपापली येते, मिळालं ते बी आणि जमलं ते हवामान. मला ग्लीसनचं जास्त पटतं, फक्त ल्युपिनसारख्या दुसऱ्यांना मदत करणाऱ्या झाडांकडे त्यात थोडं दुर्लक्ष होतं असं वाटतं.

आणि असा ठरलेला शेवट नसतो म्हणूनच गवताळ माळ म्हणजे अर्धवट राहिलेलं जंगल हे डोक्यातून काढायला हवं. कित्येक माळ फार जुने आहेत, तिथल्या गवतांना, कंदांना भरपूर ऊन लागतं, वर दाट सावली केली की ती मरतात, मग त्यांच्यावर जगणारे किडे आणि पक्षीही जातात. अशा जागी रोपं लावणं हे नुकसानच आहे, मी तरी स्पष्ट म्हणेन.

तुटलेल्या जंगलाची गोष्ट वेगळी. जवळपास जुनी झाडं शिल्लक असतील तर वारा आणि पक्षी बी आणतातच, आपण आग आणि अति चराई थांबवली तरी पुष्कळ होतं. आसपास बीच उरलं नसेल किंवा परकं तण सगळीकडे माजलं असेल तर मात्र तण काढून तिथलीच झाडं जरूर लावा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.