पाणबुड्या पुरुष, मग पाणबुडी कोण?

पाण्यात बुडी मारून तळाशी काम करणाऱ्या पुरुषाला मराठीत पाणबुड्या म्हणतात. त्याचं स्त्रीलिंग करायला जावं तर हाती येते पाणबुडी. म्हणजे एक तर नौदलाची बोट, नाहीतर तळ्यातली टिबुकली. पाण्याखाली जाणाऱ्या बाईसाठी भाषेनंच जागा ठेवलेली नाही, तिथे व्हॉट्सॲपकडून काय अपेक्षा करणार?

सुट्ट्या लागल्या की आमच्या तीन-चार ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. ‘मालवणला चाललात? लेडीजनी स्कूबा का करू नये’ असा मथळा, शेजारी माशाचं चित्र, आणि खाली सहा कारणं. सिलिंडर बायकांना पेलत नाही. फुफ्फुसं लहान, त्यामुळे हवा लवकर संपते. पाळी चालू असेल तर शार्क येतात. बायकांच्या अंगात ‘बेंड्स’ लवकर भरतो. काही झालं तर त्या घाबरतात, जोडीदाराला वाचवू शकत नाहीत. आणि या क्षेत्रात नाव घ्यावं अशी एकही बाई झालेली नाही. शेवटी नम्र सूचना : ‘काळजीपोटी पाठवत आहे, राग नसावा.’

राग नाही. पण गेली नऊ वर्षं मी स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली डाइव्ह करते आहे आणि यंदा हा मजकूर माझ्या सख्ख्या मावसभावानं पाठवला, तेव्हा एकदा नीट उत्तर लिहून ठेवावं म्हटलं. पुढच्या वर्षी नुसतं चिकटवता येईल.

सिलिंडरपासून सुरू करू. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अॅल्युमिनियमची जी टाकी मिळते ती चौदा-पंधरा किलोची. हवा भरता येणारं जॅकेट, तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर, खाली जाता यावं म्हणून शिशाची वजनं धरून सगळा सरंजाम वीस-पंचवीस किलोंवर जातो. जड आहे, यात वाद नाही. पण ज्या घरात हा मजकूर वाचला जातो तिथल्या स्वयंपाकघरातही एक सिलिंडर असतो. त्यात गॅसच १४.२ किलो, वर लोखंडाचं वजन, मिळून तीसच्या आसपास. तो दारातून ओट्यापर्यंत कडेवर फिरवत फिरवत कोण नेतं? त्या वेळी नाही कुणाला काळजी वाटत.

शिवाय टाकी घेऊन आपण डोंगर चढत नाही. होडीच्या काठावर बसायचं, बसल्या बसल्या पट्टे आवळायचे, एका हातानं मास्क आणि रेग्युलेटर दाबून धरायचा आणि पाठीवर मागे कोलांटी घ्यायची. पाण्यात पडल्या क्षणी ते वजन संपतं. भरलेली टाकी समुद्रात जेमतेम बुडते. हवा संपत आली की तीच टाकी वर तरंगू पाहते, कारण आत कोंबलेल्या हवेचंच वजन अडीच किलोंच्या वर असतं. कंबर धरत असेल तर सगळं सामान आधी पाण्यात सोडून तिथेच चढवतात. पाठदुखीवाले कितीतरी पुरुष हेच करतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आणि खरोखरीच्या वजनाची गोष्ट हवी असेल तर डोना टोबायस यांची घ्या. १९७५ मध्ये त्या अमेरिकन नौदलाच्या पहिल्या महिला डीप-सी डायव्हर झाल्या. तेव्हाचा पोशाख म्हणजे डोक्यावर तांब्या-पितळेचं शिरस्त्राण आणि पायात शिशाचे बूट, एकूण वजन नव्वद किलोंच्या घरात. तो चढवूनच परीक्षा द्यावी लागे.

हवेचं कारण तर उलटंच आहे. फुफ्फुसं लहान असतात हे खरं. पण लहान शरीराला हवाही कमी लागते. टाकी मात्र सगळ्यांना सारखीच, साधारण २,२०० लिटर हवेची. वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो, म्हणून प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा जाते. तिथे धिप्पाड माणसाची टाकी कशी रिकामी होते ते बघण्यासारखं असतं. पाण्यात उतरायचं ते जोडीनं, आणि नियम असा की जोडीतल्या एकाची हवा ठरलेल्या आकड्यावर आली की दोघांनी वर यायचं. निम्मी टाकी शिल्लक असताना दुसऱ्याच्या हवेपायी मला किती वेळा वर यावं लागलंय, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. ठेवला असता तर मीही एक फॉरवर्ड काढला असता.

शार्कचं दोन वाक्यांत उरकते. पाळीच्या रक्तामुळे शार्क येतात याला काडीचाही पुरावा नाही. उलट शार्कनं चावल्याच्या नोंदींत पुरुषच जास्त आहेत, आणि त्याचंही कारण एवढंच की पाण्यात तेच जास्त असतात.

बेंड्सवर मात्र जरा थांबायला हवं, कारण या मुद्द्याला विज्ञानाचा वास आहे. खोल पाण्यात दाबामुळे नायट्रोजन शरीरात विरघळतो. घाईनं वर आलं की सोड्याच्या बाटलीसारखे त्याचे बुडबुडे होतात, त्यानं होणारं दुखणं म्हणजे बेंड्स. चरबीत तो पाण्याच्या साधारण पाचपट विरघळतो. बायकांच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त, म्हणून त्यांना धोका जास्त, असं एके काळी डॉक्टरही म्हणायचे. नंतरच्या अभ्यासांत असा ठाम फरक काही हाती लागला नाही. खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग यांचाच प्रभाव मोठा ठरतो. आणि चरबीचाच न्याय लावायचा तर होडीवरच्या सुटलेल्या पोटांना आधी घरी पाठवावं लागेल. एक गंमत आणखी. किती खोलीवर किती मिनिटं राहावं याची अमेरिकन नौदलाची जुनी कोष्टकं, ज्यांवर जगभरचे डायव्हर वर्षानुवर्षं विसंबले, ती तरुण, तंदुरुस्त नौसैनिकांवर प्रयोग करून बेतलेली होती. बायकांची चाचणी घेतलीच नव्हती. आधी मोजायचं नाही, आणि मग तुमचा भरवसा नाही म्हणायचं!

एक गोष्ट मात्र त्या मजकुरानं सांगायला हवी होती आणि नेमकी तीच सांगितली नाही. गरोदर असताना स्कूबा करू नये. पोटातल्या बाळाचं रक्त त्याच्या फुफ्फुसांतून गाळून जात नाही, त्यामुळे बुडबुडा झालाच तर तो अडकायला वाव नसतो आणि थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. दिवस राहिल्याची नुसती शंका असली तरी होडीवर बसून राहावं. ही खरी काळजी.

आता घाबरण्याचा आणि वाचवण्याचा मुद्दा. घाबरतात सगळेच. मीही घाबरले आहे. पहिल्याच समुद्री डाइव्हला कानांत दडे बसले, खाली जाता येईना, शिकवणारे वर जाऊ देईनात, आणि तोंडातलं ते रबर थुंकून टाकावं अशी अनावर इच्छा झाली. यावरचा उपाय शिकवला जातो : थांब, श्वास घे, विचार कर, मग हात हलव. तो अंगवळणी पडला की पडला, त्याला मिशी लागत नाही.

वाचवण्याचं काम दंडाच्या ताकदीवर होतं हा गैरसमज चित्रपटांनी करून दिलाय. बेशुद्ध माणसाला कुणी खांद्यावर टाकून पोहत नाही. वर आल्यावर त्याच्या जॅकेटमध्ये हवा भरायची, शिशाचा पट्टा सोडून द्यायचा, की शंभर किलोंचा गडीही बुचासारखा तरंगतो. मग टाकीच्या तोटीला धरून ओढत न्यायचं. होडीवर चढवताना दोघं-तिघं लागतातच, वाचवणारा पैलवान असला तरी. मूळ कोर्सची परीक्षाही सगळ्यांना एकच : २०० मीटर न थांबता पोहायचं, दहा मिनिटं आधाराशिवाय तरंगायचं. बायकांसाठी वेगळी पायरी नाही.

पण माझ्या लेखी खरा धोका दुसरीकडे आहे. उदाहरणच देते. मुरुडेश्वरच्या पुढे नेत्राणी बेट आहे. तिथे एकदा माझी जोडी सहा फुटी, भारदस्त गृहस्थांशी लावली. वयानं मोठे, बोलायला अगदी लाघवी. “ताई, तुम्ही फक्त माझ्या मागे राहा, बाकी मी बघतो.” त्यांनी माझे पट्टे ओढून पाहिले, टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा माझा काटा पाहिला आणि उठले. मी म्हटलं, “दादा, आता तुमचं बघू द्या.” ते हसले. “माझं राहू द्या हो, वीस वर्षं झाली.” मी त्यांचा काटा हातात धरला आणि श्वास घ्यायला सांगितलं. दर श्वासाला काटा २०० वरून शंभराखाली झुके आणि श्वास सोडला की परत वर जाई. टाकीची तोटी जेमतेम पाव आट्याएवढी उघडलेली होती. होडीवर बसून एवढ्या फटीतून श्वास घेता येतो, काही कळतही नाही. वीस मीटर खाली, दाट हवा तिप्पट लागते तेव्हा तीच फट पुरत नाही, आणि तिथे तोटीपर्यंत आपला हात पोचत नाही. मी तोटी पूर्ण उघडली. ते काही बोलले नाहीत. वर आल्यावर मात्र चहा त्यांनी आणून दिला.

जोडीनं उतरायचं ते एवढ्यासाठी की दोघांनी एकमेकांना तपासायचं. समोरचीला नुसतं सांभाळायचं असं एकदा ठरवलं की तिच्याकडून स्वतःला तपासून घ्यायचं सुचतच नाही. तिला गंभीरपणे न घेण्याची किंमत तिच्या मानापमानापुरती राहत नाही, त्या दिवशी ती दादांच्या श्वासावर आली होती.

राहिला इतिहास. सिल्व्हिया अर्ल यांचं नाव त्या मजकूरकर्त्यानं ऐकलेलं नसावं. पाण्याखाली संशोधनाचे १,००० हून जास्त तास गाठीशी असताना, समुद्रतळावरच्या घरात राहण्याच्या अमेरिकेच्या ‘टेकटाइट’ प्रकल्पात त्यांना घेतलं गेलं नाही. पुरुषांबरोबर बाई एका घरात राहणार कशी, हा प्रश्न! मग १९७० मध्ये पाच बायकांची वेगळी तुकडी केली, अर्ल तिच्या प्रमुख. कॅरिबियन समुद्रात, सेंट जॉन बेटाजवळ पंधरा मीटरवर दोन आठवडे त्या राहिल्या, रोज बाहेर पडून काम करत. वर आल्यावर पत्रकारांनी काय विचारावं? लिपस्टिक लावायचात का, केस कसे वाळवायचात. नऊ वर्षांनी त्याच बाई हवाईजवळ चिलखतासारखा पोशाख घालून ३८१ मीटर खोल समुद्रतळावर सुमारे अडीच तास चालून आल्या. त्या वेळी केसांचं कुणी विचारलं की नाही, कोण जाणे.

सगळ्यात खोल स्कूबा डाइव्हचा विक्रम पुरुषाचाच आहे, हे मान्य. इजिप्तचे अहमद गब्र २०१४ मध्ये ३३२ मीटरवर गेले. दक्षिण आफ्रिकेच्या कॅरन व्हॅन डेन ओव्हर २०२२ मध्ये बुसमान्सगाट या गुहेत २४६ मीटरवर. फरक आहेच. पण हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर, नवशिक्यांची १८. मालवणात किल्ल्याच्या बाजूला पर्यटकांना उतरवतात ती खोली तर सांगायलाही नको. या आकड्यांवरून मावशीनं पाण्यात उतरावं की नाही ते ठरवणं म्हणजे एव्हरेस्टचा विक्रम बघून पर्वतीच्या पायऱ्या बंद करणं झालं.

आणि टाकी येण्याच्या कितीतरी आधीपासून बुडी मारून पोट भरणाऱ्या बायका आहेतच. कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो टाकीशिवाय दहा मीटर खाली जाऊन शिंपल्यातले प्राणी काढतात; सत्तरी-ऐंशीतल्याही. त्यांच्यात तीन पायऱ्या असतात, वरच्या पायरीवरची बाई बाकीच्यांना समुद्र शिकवते. वर आल्यावर श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज निघतो, त्यालाही वेगळं नाव आहे, सुम्बिसोरी. २०१६ मध्ये युनेस्कोनं या परंपरेची नोंद घेतली. इतकं लांब जायचं नसेल तर तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर जा. बोटांना चिंध्या गुंडाळून, साडीवर शर्ट चढवून बायका समुद्रशेवाळ काढायला बुड्या मारतात. त्यांच्यातल्याच चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ चा सीकॉलजी पुरस्कार मिळाला. आपल्या कोकणातही सुकतीला खाडीत उतरून मुळे, तिसऱ्या काढते ती बाईच. फक्त ते ‘अॅडव्हेंचर’ नसतं, ते कालवण असतं.

उरली ती ‘काळजी’. ती मला दरवेळी होडीवर भेटते. भाड्याचं जॅकेट पुरुषी मापाचं, ते पाण्यात वर सरकून कानांना लागतं, मी झगडताना दिसले की लगेच, “भियाव नकात, मी आसंय.” भिण्याचा प्रश्नच नसतो, मला लहान माप हवं असतं. ते नसतं.

मागच्या डिसेंबरात नवऱ्याला पहिल्यांदाच घेऊन गेले. त्याला धड पोहताही येत नाही. तो त्या दिवशी हात धरून दहा मिनिटं मासे बघणाऱ्यांत होता, मी माझी वेगळी डाइव्ह करणार होते. सामान लावणाऱ्या मुलानं शिशाचा पट्टा उचलला आणि नवऱ्याला विचारलं, “सर, मॅडमना वजन किती घालू?”

नवरा म्हणाला, “मला काय विचारतोस बाबा? त्यांनाच विचार.”

मी म्हटलं, “चार किलो.”

त्यानं मान डोलावली आणि सहा घातले. दोन मी काढून फळीवर ठेवले.