परदेशी पाहुण्यांसाठीच्या संकेतस्थळाबद्दल आपण नोंदवलेल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

मालवणजवळील आपल्या होमस्टेसाठी आम्ही तयार केलेल्या संकेतस्थळाला आपण एक तारा दिला आहे आणि ‘परदेशी पाहुण्यांसाठी म्हणून जादा पैसे घेतले, पण परदेशी पाहुण्याला त्यावरून खोलीच घेता येत नाही’ असे लिहिले आहे. आपण मांडलेल्या पाच मुद्द्यांपैकी तीन आम्हाला पूर्णपणे मान्य आहेत, एक अंशतः मान्य आहे आणि एकाबाबत आमचे मत वेगळे आहे.

सर्वांत जास्त नुकसान तारखेने केले, म्हणून आधी तिच्याविषयी. अमेरिकेतील पाहुण्यांनी आरक्षणाच्या चौकटीत 02/05 असे लिहिले. त्यांच्याकडे महिना आधी लिहितात, त्यामुळे त्यांच्या मनात 5 फेब्रुवारी होती, तर आमच्या प्रणालीने ती 2 मे अशी वाचली. पुष्टीच्या ई-मेलमध्येही तेच 02/05 छापून गेले, त्यामुळे त्यांनाही ते बरोबर वाटले आणि आपल्यालाही. पाहुणे फेब्रुवारीत सामानासह दारात उभे राहिले. इकडे ऐन आंब्याच्या दिवसांतली खोली भरलेली दिसत असल्यामुळे आपण मुंबईच्या एका कुटुंबाला नकार कळवला होता. महिन्याची 25 तारीख असती तर ‘पंचविसावा महिना’ म्हणून अर्ज तिथेच अडला असता आणि चूक उघड झाली असती. बारापर्यंतच्या तारखांत ती गुपचूप पार होते. आता पाहुण्याला दिनदर्शिकेतून दिवस निवडावा लागतो, ई-मेलमध्ये महिना अक्षरांत जातो आणि आतील नोंद वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे तारखा लिहिण्याच्या आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते.

दुसरा मुद्दा पत्त्याचा. ‘ड्रेस्डेनची बाई माझ्या वहीत अंदमानात राहते’ हे आपले वाक्य वाचून आम्हाला आधी हसू आले आणि मग लाज वाटली. घडले ते असे. आमच्या अर्जात पिनकोड सहा अंकी असणे सक्तीचे होते. जर्मनीतील ड्रेस्डेनचा 01067 हा कोड पाच अंकी असल्याने अर्ज ‘अचूक पिनकोड लिहा’ असे बजावत राहिला. शेवटी त्यांनी मागे एक शून्य जोडून सुटका करून घेतली. पुढे राज्य निवडण्याची यादी आली. तीत फक्त भारतातील राज्ये होती, तेव्हा त्यांनी इंग्रजी वर्णक्रमात सर्वांत वर असलेले अंदमान-निकोबार निवडले. त्यातही आमच्या प्रणालीने कोड संख्या म्हणून साठवल्याने सुरुवातीचे शून्य गळाले आणि आपल्यापर्यंत जे पोहोचले त्यातून मूळ पत्ता ओळखणे कोणालाच शक्य नव्हते. परदेशी पाहुणा उतरल्यापासून 24 तासांच्या आत आपल्याला त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते आणि तीत त्याचा मायदेशातील पत्ता लागतो. तो आपल्याला दारात उभे राहून नव्याने विचारावा लागला, याचा आम्हाला खेद आहे. आता अर्ज प्रथम देश विचारतो आणि त्यानुसार पुढील रकाने बदलतात. कोड अक्षरांप्रमाणे साठवला जातो आणि संयुक्त अरब अमिरातीसारख्या जिथे पोस्टाचे कोडच नाहीत त्या देशांसाठी तो रकाना रिकामा सोडता येतो. दूरध्वनी क्रमांकाची दहा अंकांची सक्तीही काढली आहे, कारण देशाच्या कोडसह तो पंधरा अंकांपर्यंत जाऊ शकतो. ओटीपी आता ई-मेलवरही जातो.

मराठी पानावरील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, असे आपण जाता जाता लिहिले आहे. आपली नजर बारीक आहे. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात तो पानाची भाषा पाहून त्यांतले एक निवडतो आणि आमच्या सहकाऱ्याने हिंदी पानाची प्रत काढून मराठी पान करताना भाषेची खूण बदललीच नव्हती. ती दुरुस्त केली आहे.

परदेशी कार्डे नाकारली गेली, ही तक्रार मात्र आम्ही अर्धीच स्वीकारू. परदेशी कार्डे घेण्याची परवानगी पेमेंट कंपनी व्यावसायिकाची कागदपत्रे पाहून स्वतंत्रपणे देते. त्या कागदपत्रांसाठी आम्ही आपल्याला दोन वेळा लिहिले होते. तरीही परवानगी येईपर्यंत ‘कार्डाने पैसे भरा’ हे बटण परदेशी पाहुण्यांना दिसू देणे ही आमचीच चूक होती.

पाहुण्याचा देश ओळखून भाषा आपोआप बदलावी, या आपल्या मागणीला आम्ही नकार दिला होता आणि त्यावर आजही ठाम आहोत. स्वित्झर्लंडमध्ये चार राष्ट्रीय भाषा आहेत. तिथून आलेल्याला कोणती दाखवायची? दुबईत राहणाऱ्या सावंतवाडीकराला अरबी पान दाखवले तर तो आपल्याकडे येण्याआधीच परत फिरेल. पाहुण्याचा ब्राउझर त्याच्या पसंतीची भाषा स्वतःच कळवतो, त्यावरून आपण सुरुवात करतो आणि बदलायची असल्यास वर भाषांची नावे त्या त्या लिपीत दिली आहेत. तिथे झेंडे लावावेत असे आपण सुचवले होते, परंतु झेंडा देशाचा असतो आणि जर्मन तर ऑस्ट्रियातही बोलतात.

हे सर्व आधीच कळायला हवे होते. आम्ही मजकुराचे जर्मन भाषांतर जाणकाराकडून करून घेतले, पण अर्ज तपासला तो पुण्यात बसून, कोथरूडचा पिनकोड आणि स्वतःचे मोबाइल क्रमांक टाकून. त्यामुळे कामाचा शेवटचा हप्ता आम्ही परत करत आहोत. मुंबईच्या कुटुंबाला दिलेल्या नकारामुळे बुडालेले भाडेही आम्ही भरून देऊ. रक्कम आपण कळवावी.

जुन्या नोंदींतील चुकीचे पत्ते आमच्याकडून अंदाजाने दुरुस्त करणे योग्य होणार नाही. पाहुण्यांना पत्ता पुन्हा विचारणारे छोटे पत्र इंग्रजी आणि जर्मनमध्ये तयार करून आपल्याला ई-मेलने पाठवले आहे. ते आपल्या नावाने जाणार असल्याने आपण वाचून होकार दिल्यावरच पाठवू.