दोन मीटरवरून दूध मोजणारा सेन्सर

गेले काही दिवस इंदुरातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मुलांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कुणीतरी कळकळीनं लिहिलेला दिसतो. म्हणणं असं: एमएलएक्स ९०६१४ हा इन्फ्रारेड सेन्सर घ्या. तो हात न लावता दोन मीटरवरून कुठल्याही वस्तूचं तापमान ०.०२ अंशापर्यंत अचूक सांगतो. मध्ये काच असली तरी चालतं. फक्त कपाळावर धरू नका, त्याच्या किरणांनी मेंदूला इजा होते.

मला तो सात जणांनी पाठवला. सातव्या आमच्या शेजारच्या काकू. "विरजण लावायला दूध किती कोमट झालंय ते बाहेरच्या खोलीत बसून कळेल का रे?" असं त्यांनी खाली विचारलं होतं. त्यांना नुसतं 'नाही' म्हणून भागणार नाही, म्हणून हे सविस्तर.

आधी ते दोन मीटर. जेल रोडवरून मी आणलेल्या मॉड्यूलवर (म्हणजे सेन्सर बसवलेल्या छोट्या पट्टीवर) धातूची छोटी गोल टोपी आहे आणि तिच्यावरच्या नंबराच्या शेवटी 'बीएए' ही अक्षरं आहेत. बहुतेक स्वस्त मॉड्यूलांवर हाच प्रकार येतो. त्याच्या नजरेचा कोन ९० अंशांचा. म्हणजे सेन्सर जितका लांब, त्याच्या दुप्पट व्यासाचं वर्तुळ तो एकदम बघतो आणि त्या सगळ्याची सरासरी काढून एक आकडा देतो. ३ सेंटिमीटरवरून ६ सेंटिमीटरचं वर्तुळ. दोन मीटरवरून चार मीटरचं! रामबागेतल्या जुन्या वाड्याची अख्खी भिंत त्यात मावेल, मग काकूंचं पातेलं त्यात कुठे शोधायचं? याच सेन्सरचे ३५, १० आणि ५ अंशांचे प्रकारही असतात, पण ते महाग. आणि ५ अंशांचा घेतला तरी दोन मीटरवर जवळजवळ साडेसतरा सेंटिमीटरचं वर्तुळ होतंच. लेझरचा लाल ठिपका असलेल्या बंदुकीनं मोजणारेही इथेच फसतात. ठिपका नेम धरायला असतो, मोजमाप त्याच्या भोवतीच्या बऱ्याच मोठ्या भागाचं होतं.

०.०२ अंश हा आकडा खोटा नाही, पण त्याला अचूकता म्हणणं खोटं. तो सेन्सरचा बारकावा आहे, म्हणजे आकडा किती लहान पायरीनं सरकतो ते. अचूकता कंपनी स्वतःच सांगते: वस्तू आणि सेन्सर दोन्ही ० ते ५० अंशांत असतील तर अर्धा अंश इकडे-तिकडे. सराफ्यातला काटा मिलिग्रॅम दाखवतो, पण तो आधी शून्यावर आणलाच नसेल तर त्या मिलिग्रॅमांचं काय करायचं? शिवाय टोपी बोटांत धरली किंवा शेजारी गरम होणारा व्होल्टेज रेग्युलेटर बसवला, तर टोपीच एका बाजूनं तापते आणि तो अर्धा अंशही हातचा जातो.

'कुठल्याही वस्तूचं' हा दावा मात्र सगळ्यात महागात पडतो. सेन्सर तापमान मोजत नाही, वस्तूकडून येणारी उष्णतेची किरणं मोजतो. त्वचा, पाणी, लाकूड ती भरपूर सोडतात. चकचकीत धातू फार कमी सोडतो आणि उरलेली समोरच्या खोलीची परत फेकतो. कारखान्यातून सेन्सर येतो तो समोरची वस्तू 'पूर्ण काळी', म्हणजे जास्तीत जास्त किरणं सोडणारी, आहे असं धरून. घरी करून बघा. मी स्टीलच्या पातेल्यात पाणी खळखळा उकळलं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. पातेल्याच्या चकचकीत कडेवर सेन्सर धरला तर आकडा ४३! मग त्याच कडेवर वायरमनची काळी टेप तीन पट्ट्यांत शेजारी शेजारी चिकटवली, सेन्सर सेंटिमीटरभर अंतरावर नेला आणि टोपी तापायच्या आत आकडा वाचला: ९३. पातेलं तेच, पाणी तेच.

यावर 'स्टील किती किरणं सोडतं ते मूल्य सेन्सरमध्ये भरा' असा सल्ला मिळतो. भरता येतं, पण स्टीलकडून येतं त्यात खोलीचंच जास्त असतं. तुम्ही समोर उभे राहिलात तरी आकडा हलेल. टेप बरी.

काचेचं थोडक्यात. हा सेन्सर ५.५ ते १४ मायक्रोमीटरची किरणं बघतो आणि साधी काच ती अडवते. काचेआडून तुम्ही काचेचंच तापमान मोजता. अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीमागे सेन्सर बसवणाऱ्यांचंही तेच. पातळ पारदर्शक पॉलिथिनची पिशवी मात्र बरीच किरणं जाऊ देते.

आणि मेंदू. कोविडच्या काळापासून ही भीती सुटलेली नाही. मोजण्यासाठी सेन्सर कुठलीही किरणं सोडत नाही हो, तो फक्त घेतो. किरणं सोडतं ते आपलं कपाळ. बंदुकीला लेझर असेल तर तो डोळ्यांत मारू नये, एवढंच खरं. कपाळावर ३४ आलं म्हणून मुलं कोडमध्ये गुपचूप २.५ मिळवतात, हे मी दोन प्रदर्शनांत पाहिलं. बाळांनो, ३४ बरोबरच असेल, त्वचा आतल्या शरीरापेक्षा थंड असते. मे महिन्यात उन्हातून आलेल्या परीक्षकांचं कपाळ मोजाल तेव्हा ते २.५ तुम्हालाच ताप आणतील.

फिरती मोटर, वीज चालू असलेला जोड, जिथे हात किंवा तार लावताच येत नाही, तिथे हा सेन्सर खरंच कामाचा. दुधाला तो लावायचाच तर झाकण काढून, ढवळून, वरून जवळ धरावा. न ढवळता मोजलं तर वरच्या थंडावलेल्या सायीचं तापमान कळेल, आणि वाफ टोपीवर बसली तर तेही नाही. काकूंना मी तार असलेला डीएस १८बी२० सुचवला, टेकवून तापमान मोजणारा सेन्सर. स्टीलच्या नळीतला, पातेल्याला बाहेरून फडक्यानं घट्ट बांधायचा, तार ओट्यावरून बाहेरच्या खोलीपर्यंत.

"मग बोट बुडवलेलं काय वाईट?" काकू म्हणाल्या.