लाल डोक्याच्या सरड्याबद्दल खुलासा

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बागेतला लाल तोंडाचा सरडा लांबूनच रक्त शोषतो, विषारी आहे, दिसला की मारा.’ हे खरं नाही.

हा साधा बागेतला सरडा, शास्त्रीय नाव कॅलोटिस व्हर्सिकलर. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत विणीच्या काळात नराचं डोकं नि गळा लालभडक होतो. कातडीतल्या रंगपेशींमधले कण पसरतात-आकसतात, म्हणून रंग बदलतो. त्यात कुणाचं रक्त नसतं. नर फांदीवर जोर काढल्यासारखा वर-खाली होतो, तो मादीसाठी आणि दुसऱ्या नराला दम द्यायला.

आणि हो, हा लाल रंग लपण्यासाठी नाही, उलट मिरवण्यासाठी आहे! लपायची कला वेगळीच. एरवी तो करडा-तपकिरी, शेवग्याच्या सालीत मिसळून जाणारा. जवळ गेलात की अंग चपटं करून खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. तुम्ही फिराल तसा तोही फिरतो, फक्त एक डोळा बाहेर.

खातो मुख्यतः किडे. हातात धरला तर चावेल, पण त्याने माणसाला विषबाधा होत नाही. पोरं या मेसेजमुळे दगड मारतायत, म्हणून तो पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.