ड्रोन परवडतो कुणाला?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या एकच वाद चालूय. बिल्डिंगला 30 वर्षं झाली, कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागणार, आणि कुणीतरी टाकलं की सिंगापूरला बघा, ड्रोन फिरवून मोकळे होतात, आपण बसलोय परांच्या बांधत. मी सिंगापूरला, म्हणून सगळ्यांनी मलाच टॅग केलं.

तर इथलं गणित असं. 2022 पासून 20 वर्षांहून जुन्या आणि 13 मीटरपेक्षा उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती दर 7 वर्षांनी तपासाव्या लागतात. माणूस दोरावर सोडायचा तर महाग, कारण परदेशी कामगारामागे मालक दर महिन्याला सरकारला लेव्ही म्हणजे ठरावीक कर भरतो, वर गोंडोला (भिंतीलगत लटकता पाळणा), सेफ्टी, इन्शुरन्स. त्यापेक्षा ड्रोन स्वस्त (आमच्याकडे ड्रोन आला त्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस होती, पडदे ओढून ठेवा). तरी प्रत्येक बाजूची किमान 10 टक्के भिंत जवळून बघावीच लागते, आणि ढीगभर फोटो तपासायला इंजिनिअर लागतोच, त्याची फी काय कमी होत नाही.

मुंबईत दोरावर लटकणाऱ्या पोराचा जीव कोटेशनमध्ये धरलेलाच नसतो, मग ड्रोन महागच दिसणार ना! त्यात आपलं दुखणं आतलं. सळई गंजून काँक्रीट फुगतं ते भिंतीला भेग पडल्यावरच कॅमेऱ्याला दिसणार, त्याआधी कळायला हाफ-सेल, कार्बोनेशन, कोअर अशा आतली सळई आणि काँक्रीट तपासणाऱ्या टेस्टच करायला हव्यात. 2017 ला घाटकोपरची साईदर्शन पडली तेव्हा तळमजल्यावर तोडफोडीचं काम चालू होतं, बाहेरून काय कळणार? 2020 ला पडलेली महाडची तारिक गार्डन तर दहा वर्षांचीही नव्हती, म्हणजे ऑडिटच्या नियमात बसतच नव्हती.

माझ्या मते ड्रोनचे पैसे वसूल होतील ते भांडणात. मालकाचा ऑडिटर म्हणतो सी-1 श्रेणी, म्हणजे पाडा, भाडेकरूंचा म्हणतो सी-2, म्हणजे दुरुस्ती करा, आणि प्रकरण जातं महापालिकेच्या टेक्निकल अ‍ॅडव्हायजरी कमिटीकडे. तिथे तारीख-वेळेसकट एकच फोटोसंच दोघांसमोर असला तर निदान बाहेरची सळई उघडी पडलीय की नाही यावर तरी वाद नको. पण हा संच कुठल्याही एका पार्टीच्या पैशाने काढलेला नसावा, नाहीतर पुन्हा तेच. वॉर्डातल्या जुन्या बिल्डिंगींसाठी महापालिकेनेच गल्लीगल्लीने ड्रोन उडवून घ्यावेत, कारण एअरपोर्टच्या आसपास ड्रोनची परवानगी काढणं हीच एक कटकट आहे, ती प्रत्येक सोसायटीने वेगवेगळी कशाला करायची?